शिष्यवृत्ती : मदत नव्हे, ऋण



बँकेच्या काउंटरवर एक प्रश्न मला नेहमी ऐकू येतो, "सर, स्कॉलरशिप जमा झाली का?" मी पासबुक छापून देतो. मुलगा आकडा पाहतो आणि निघून जातो. हा आकडा कोठून आला, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. ते सांगण्यासाठीच हा छोटासा लेख.

बाबासाहेबांच्या शिक्षणाच्या वाटेवर प्रथम कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजी भेटले. त्यांच्या शिफारशीवरून बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी कॉलेज-शिक्षणासाठी दरमहा 25 रुपये मंजूर केले. बाबासाहेब 1912 साली एल्फिन्स्टन कॉलेजातून बी. ए. झाले. पुढे 1913 मध्ये परदेशातील शिक्षणासाठी दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षांकरिता मिळाले. मात्र त्यासाठी करार होता : शिक्षण संपल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करावयाची.

म्हणजे शिष्यवृत्ती ही पहिल्या दिवसापासून परतफेडीच्या बोलीवर होती. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात त्यांनी त्या पैशाचे सोने केले. 1915 मध्ये एम. ए. झाले, 1916 च्या मे महिन्यात भारतातील जातिसंस्थेवर निबंध वाचला. त्यानंतर ते लंडनला गेले, पण शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे 1917 साली अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले.

करार पाळण्यासाठी ते बडोद्यास गेले. तेथे काय घडले? एवढ्या विद्वान माणसाला राहावयास जागा मिळाली नाही. नाव बदलून ते एका पारशी वसतिगृहात राहिले. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेल्या लोकांनी त्यांना तेथून बाहेर काढले. पैसा देणारा राजा उदार होता, पण समाज तयार नव्हता. करारातील दहा वर्षे त्यामुळे पुरी होऊ शकली नाहीत.

येथे आमच्या हिशेबाच्या भाषेत म्हणावयाचे तर रक्कम जमा झाली होती, पण परतफेडीचे खातेच बंद पडले. दुसरा कोणी असता तर सुटलो म्हणाला असता. बाबासाहेबांनी तसे मानले नाही. 1920 साली, सिडनहॅम कॉलेजातील प्राध्यापकाच्या पगारातून साठविलेले पैसे, शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांच्याकडील उसनी रक्कम घेऊन ते पुन्हा लंडनला गेले व अपुरा अभ्यास पुरा केला. प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या विकासावरील त्यांचा ग्रंथ 1925 साली प्रसिद्ध झाला. तो त्यांनी कृतज्ञतापूर्वक सयाजीराव महाराजांस अर्पण केला. बडोद्यातील अपमान त्यांनी महाराजांच्या माथी मारला नाही, हे ध्यानात घ्यावे.

खरी परतफेड पुढेच झाली. 1942 साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाल्यावर त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांनी अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन सरकारला दिले. त्यात उच्च शिक्षणासाठी साहाय्याची मागणी होती. 1944 पासून अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. 1945 साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी आणि 1946 साली सिद्धार्थ कॉलेज उभे राहिले. ज्याला एकट्याला मिळाले, त्याने ते हजारोंना मिळेल अशी सोय केली.

मी स्वतः त्याच भारत सरकार शिष्यवृत्तीवर बी. ए. झालो. माझी रक्कम वार्षिक परीक्षा आटोपल्यावर हाती आली. तोवर वडिलांनी उसनवारी करून फी भरली होती. त्या उशिराचा राग मी पुष्कळ वर्षे बाळगला. पण नोकरी लागल्यावर मी तरी कोणाची फी वेळेवर भरली? हा प्रश्न मी स्वतःला फार उशिरा विचारला, याची मला लाज वाटते.

तेव्हा मित्रांनो, आजच एक वही करा. मिळालेली प्रत्येक शिष्यवृत्ती तारखेसह त्यात लिहा. पुढचे पान कोरे ठेवा. पहिला पगार झाला की त्या पानावर एका गरजू विद्यार्थ्याचे नाव लिहून त्याची फी भरा. हे खाते मात्र कधीही बंद करू नका.

जयभीम! नमो बुद्धाय!