मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, नेत्रदान करता येईल?

प्रश्न : माझं वय ७१. मधुमेह आहे, दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली आहेत. नेत्रदानाची इच्छा आहे. पण हिला वाटतं, चेहरा विद्रूप होईल. मुलगा म्हणतो, हे डोळे कोणाला चालणार?
– एक वाचक, सातारा

उत्तर : काका, तुमचे डोळे चालतील. मोतीबिंदूत बदलतं ते आतलं भिंग. रोपणासाठी लागतं ते बुबुळावरचं पारदर्शक पटल. चष्मा, मधुमेह, वय यांची आडकाठी नाही. एचआयव्ही, कावीळ ब किंवा क, रेबीज, रक्ताचा कर्करोग असल्यास मात्र पटल रोपणासाठी घेत नाहीत.

काकूंना सांगा, चेहरा विद्रूप होत नाही. नेत्रपेढीचं पथक घरी येऊन साधारण अर्ध्या तासात काम उरकतं. पैसे द्यावे लागत नाहीत.

हृदय, यकृतासारखे अवयव बहुधा मेंदूमृत्यूनंतर रुग्णालयातच काढले जातात. नेत्रदान घरी मृत्यू आला तरी होतं, पण सहा तासांच्या आत. तोवर पापण्या मिटून वर ओला कापूस ठेवावा, पंखा बंद करावा, डोक्याखाली उशी द्यावी. मृत्यूचा दाखला तयार ठेवावा.

अर्ज जरूर भरा. अवयवदानाची नोंदणी आधार क्रमांकावर ऑनलाइनही होते. मात्र मृत्यूनंतर संमती द्यायची ती घरच्यांनी. म्हणून आजच मुलाला जवळ बसवून इच्छा सांगा आणि नेत्रपेढीचा नंबर त्याच्या मोबाइलमध्ये ठेवायला लावा.