नाताळचा डबा आणि आपली मजुरी

ताईंनो, दिवाळीचा फराळ संपला, कंदील उतरले, मोठी कढई घासून माळ्यावर जायची वेळ आली. ती एवढ्यात वर टाकू नका. 25 डिसेंबरला नाताळ आहे आणि दिवाळीत जे हात चालले तेच हात नाताळलाही चालतात. या अंकाच्या पाठात नाताळचे दोन-तीन पदार्थ, चांदणीचा कंदील आणि भेटवस्तू बांधायची रीत बघू. आणि मधे एक हिशोब आहे, तो मात्र गटाच्या बैठकीत मोठ्यानं वाचा.

आपल्या काही गटांत ख्रिस्ती बहिणी आहेत. त्यांना यातलं बरंचसं माहीतच असेल; त्यांनी इतरांना शिकवावं, हे उत्तम. बाकीच्यांना वाटतं, नाताळ म्हणजे फक्त केक. तसं नाही. अहिल्यानगर, जालना या भागांत नाताळच्या फराळात करंज्या, शंकरपाळे, चकल्या, लाडू असतात, अगदी आपल्या दिवाळीसारखे. वसईकडे आणि गोव्यात कुलकुल, नेवऱ्या, दोदोल. नेवरी म्हणजे आपल्या करंजीची बहीणच. गोव्यात नाताळचं ताट शेजारच्या हिंदू घरी जातं आणि चतुर्थीला त्या घरचं ताट नेवऱ्या-मोदक घेऊन परत येतं. "नाताळ" हा शब्दही पोर्तुगीजांकडून आला आणि आपलाच होऊन बसला.

कुलकुल

याला वस्तू थोड्या लागतात, पण हात खूप लागतात. 1 किलो मैदा, 250 ग्रॅम पिठीसाखर, चवीला मीठ, 50 ग्रॅम तूप गरम करून मोहन, आणि एका नारळाचं जाड दूध. तूप मैद्याला चोळून घ्या, मुठीत दाबल्यावर मुटका झाला पाहिजे. मग साखर-मीठ घाला आणि नारळाचं दूध थोडं थोडं ओतत पीठ घट्ट मळा, पुरीच्या पिठासारखं. साखर पाणी सोडते, म्हणून दूध सगळं एकदम ओतू नका. ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेवा. त्यापेक्षा फार वेळ नको. नारळाचं दूध उन्हाळ-हिवाळा बघत नाही, पीठ आंबूस लागायला लागतं.

आता बोराएवढी गोळी घ्या. नव्या कोऱ्या, धुतलेल्या कंगव्यावर किंवा काट्याच्या पाठीवर ती अंगठ्यानं दाबून पसरा आणि एका टोकाकडून गुंडाळत आणा. शंखासारखी रेघारेघांची वळकटी होते. कड नीट दाबा, नाहीतर तेलात उलगडते. मध्यम आचेवर थोडे थोडे तळा, बदामी रंग आला की काढा. आच मोठी केली तर बाहेरून लाल आणि आतून कच्चं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पूर्ण गार झाल्याशिवाय पिशवीत भरू नका. कोमट भरलं की वाफ धरते, दुसऱ्या दिवशी कुलकुल मऊ पडतात. गिऱ्हाईक काही बोलत नाही, पुढच्या वर्षी येत नाही, एवढंच.

नेवऱ्यांचं एक सांगायचं. ओल्या नारळाचं सारण चवीला वरचढ, पण दोन-तीन दिवसांचं. विकायला करायच्या असतील तर सुकं खोबरं भाजून, खसखस, वेलची, पिठीसाखर असं कोरडं सारण घ्या. दोदोल चांगला, पण तांदळाचं पीठ, नारळाचं दूध आणि काळा गूळ कित्येक तास सतत ढवळायचा. दोन बायांचा अख्खा दिवस जातो. ज्या गटाकडे मोठं भांडं आणि दमाची माणसं आहेत त्यांनीच हात घालावा. केकचं काम ओव्हन असणाऱ्यांनी करावं. पण त्यात अंडं असेल तर डब्यावर हिरवा ठिपका चालत नाही, मांसाहाराची तपकिरी खूण लागते. "थोडंसंच आहे" म्हणून सोडू नका. अंडं न खाणाऱ्या माणसाचा तो विश्वासाचा प्रश्न असतो.

आता हिशोब

भाव गावागणिक वेगळे, म्हणून खालचे आकडे नमुन्याचे समजा आणि आपल्या बाजारचे घालून पुन्हा मांडा. मैदा 45 रुपये, पिठीसाखर 13, नारळ 35, तूप 32, तळणीत गेलेलं तेल 45, गॅस 25. झाले 195. तळून साधारण दीड किलो माल हाती येईल असं धरू (तुम्ही काट्यावर मोजा, अंदाजानं नको). म्हणजे पाव किलोच्या 6 पिशव्या. पिशवी, लेबल, दोरी मिळून एकीला 8 रुपये, 6 पिशव्यांचे 48. एकूण 243. एक पिशवी पडली साडेचाळीसला.

इथं बऱ्याच गटांत हिशोब थांबतो. "चाळीसला पडली, साठला विकू, वीस सुटले." ऐकायला बरं वाटतं. पण मळणं, वळणं, तळणं, भरणं याला तीन बायांचे दोन-दोन तास गेले. म्हणजे 6 तास. 6 पिशव्यांवर सुटले 117 रुपये. तासाला साडेएकोणीस. ताईंनो, एवढ्यावर शेतात खुरपायला कुणी बोलावलं तर तुम्ही जाल का? मग स्वतःच्या गटात का बसता?

तासाला 50 रुपये मजुरी धरली तर 300 होतात. 243 आणि 300 मिळून 543. पिशवीला साडेनव्वद. त्यात फुटतूट, जाण्यायेण्याचं भाडं, फुकट चाखायला दिलेला माल यासाठी 10 रुपये धरा. झाले शंभर. त्यावर गटाचा नफा 15-20 रुपये. म्हणजे पाव किलो कुलकुल 115 ते 120 रुपयांच्या खाली विकायचं नाही. "एवढं महाग कोण घेईल?" असं कुणीतरी लगेच म्हणेल. घेतात. कुलकुल वळायला वेळ लागतो हे नाताळ करणाऱ्या घरातल्या बाईला तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक असतं, म्हणूनच ती विकत घ्यायला निघालेली असते. आणि खरंच कुणी घेणार नसेल तर तो पदार्थ विकायचा नाही, घरी खायचा. मजुरी सोडून स्वस्त देणं हा तोडगा नाही.

अजून एक गोष्ट बैठकीतच ठरवा. मजुरी तासाप्रमाणे हजेरी लिहून वाटायची, नफा गटाच्या खात्यात. दोन्ही एकत्र केलं की जिनं रात्री बारापर्यंत कुलकुल वळले तिला आणि जी एकदा येऊन बघून गेली तिला सारखेच पैसे मिळतात. भांडणं इथूनच सुरू होतात, पैसे कमी पडल्यानं नाही.

लेबल आणि नोंदणी

खाण्याचा माल विकायचा तर अन्न सुरक्षेची नोंदणी हवी. छोट्या घरगुती उद्योगाला मोठा परवाना लागत नाही, नोंदणी पुरते आणि तिची फी किरकोळ आहे. जिची नोंदणी आहे तिचा 14 आकडी क्रमांक लेबलावर छापा. पदार्थाचं नाव, त्यात काय काय घातलं, वजन, केल्याची तारीख, कधीपर्यंत खावं, किंमत, गटाचं नाव-पत्ता आणि हिरवी किंवा तपकिरी खूण, हे सगळं लिहा. वर्तमानपत्राच्या कागदात खाण्याची वस्तू बांधायला बंदी आहे, शाई पोटात जाते. बाहेरून सजावटीला कागद लावा, आत पदार्थाला लागेल तो कोरा आणि खाण्याच्या कामाचाच हवा.

चांदणी

नाताळात दारावर चांदणी लागते, पाच कोनांची. दिवाळीच्या कंदिलासाठी आणलेल्या कामट्या उरल्या असतील तर हे काम जवळजवळ फुकटात होतं. दोन फुटांच्या 10 सारख्या कामट्या घ्या. पाच-पाच कामट्यांच्या दोन चांदण्या करा: मुलं हात न उचलता कागदावर चांदणी काढतात ना, तसंच, एकीचं टोक दुसरीच्या टोकाला बांधत जायचं. आत जिथं कामट्या एकमेकींवरून जातात तिथंही दोऱ्यानं बांधा. मग दोन्ही चांदण्या एकमेकींवर ठेवून पाचही टोकं एकत्र बांधा. आता आतल्या पाच सांध्यांवर, दोन्ही चांदण्यांच्या मधे, वीतभरापेक्षा थोडी लहान अशी एकेक काडी उभी खोचून बांधा. चांदणी फुगते आणि पोटात दिव्याला जागा होते.

कागद पतंगाचा घ्या. मैद्याची खळ पातळ करा, घट्ट खळीनं कागद सुरकुततो. एका बाजूचा एक त्रिकोण न चिकटवता झडपेसारखा ठेवा, दिवा आत घालायला. दिवा एलईडीचाच. जुना पिवळा बल्ब तापतो, कामटी आणि कागद दोन्ही पेटायच्या लायकीचे. वायरचा जोड चांदणीच्या आत ठेवू नका.

याच बरोबर एक छोटा धंदा सुचवते, कारण त्याला भांडवल जवळजवळ नाही. नाताळात घरोघर, चर्चमध्ये येशूजन्माचा गोठा मांडतात. त्यात पेंढा लागतो, माती लागते आणि हिरवळ लागते. ही हिरवळ म्हणून पुष्कळ ठिकाणी नाचणी पेरून उगवतात. शहरातल्या घरात पेंढा कुठून येणार? तुमच्या गोठ्यात तो पडलेला आहे. नाचणी रात्रभर भिजवून, उथळ डब्यात मातीवर दाट पसरा, वर मातीचा पातळ थर, रोज पाणी शिंपडा. आठ-दहा दिवसांत बोटभर हिरवं उभं राहतं. 12-13 डिसेंबरला पेरलं तर 22 तारखेला देण्याजोगं होतं. थंडी जास्त असेल तिथं दोन दिवस आधी पेरा. एक डबा हिरवळ, एक जुडी पेंढा, असा जोड करून शाळांना, चर्चला, सोसायट्यांना विचारून बघा. गोठ्यातली चित्रं-मूर्ती मात्र आपण करायला जाऊ नका. ज्यांचा देव आहे त्यांची मांडणी त्यांनाच करू द्या.

बांधणी

चमकी कागद महाग, एकदा फाडला की कचरा. त्याऐवजी जुन्या साडीचा धुऊन इस्त्री केलेला तुकडा घ्या. चौकोनी, खोक्याच्या तिप्पट बाजूचा. खोकं मधे तिरकं ठेवा, समोरासमोरची दोन टोकं वर घेऊन एक गाठ, उरलेल्या दोन टोकांची त्यावर दुसरी गाठ. पुरचुंडीच ती, पण काठाची बाजू वर आली की देखणी दिसते. घेणारी बाई तो तुकडा टाकत नाही, हेही आहे.

कागदानंच बांधायचं तर माप आधी घ्या. खोक्याभोवती एक पूर्ण वेढा आणि वर दोन बोटं, ही कागदाची एक बाजू. दुसरी बाजू म्हणजे खोक्याची लांबी आणि दोन्ही टोकांना उंचीच्या पाऊण पट. जास्त कागद ठेवला तर टोकाला गठ्ठा होतो. दोरी केळीच्या सोपटाची काढा, सावलीत वाळवा, तिच्यात एखादं आंब्याचं पान किंवा वाळलेली कणसाची काडी खोचा. वसईकडे केळी आहेत, तिथं हे सोपं. विदर्भात पळसाची पानं आहेत. आपल्या भागात जे आहे ते वापरा, दुकानातून आणू नका.

कामाच्या तारखा अशा ठेवा. ऑर्डर 5 डिसेंबरपर्यंत घ्या, अर्धे पैसे आगाऊ. सामान 10 पर्यंत. कोरडे पदार्थ 15 ते 19 दरम्यान. माल 22 तारखेच्या आत घरी पोचता व्हावा, कारण 24 च्या रात्री प्रार्थना असते आणि त्या दिवशी कुणाला दारात पिशवी घ्यायला वेळ नसतो. उरलेला माल 31 डिसेंबरला चालतो. गोव्यात 6 जानेवारीला तीन राजांचं फेस्त असतं, त्या बाजूच्या गटांनी तेही लक्षात ठेवावं. आणि साडीचे तुकडे, सोपटाच्या दोऱ्या उरल्या तर फेकू नका. आठवड्यावर संक्रांत असते, हळदीकुंकवाच्या वाणाला तीच पुरचुंडी चालते. तेव्हाचा हिशोबही याच वहीत, मजुरीच्या तासांसकट लिहा.