क्लॅम्प आवळण्याआधी

आयटीआयचं प्लंबरचं वर्ष पुरं करून आलास, आटे नीट पाडतोस, सांधे स्वच्छ जोडतोस. त्याबद्दल मला काही बोलायचं नाही. पण परवा डक्टमध्ये तू लावलेले रबरी क्लॅम्प पाहिले. एकूणएक क्लॅम्प मशीननं करकचून आवळलेला, रबर दोन्ही कडांनी बाहेर फुगलेलं. तोंडी सांगितलं की तू 'हो मामा' म्हणतोस आणि पुढच्या साइटवर विसरतोस, म्हणून लिहून देतोय.

दुकानापासून सुरुवात करू. बोहरी आळीत जाऊन 'अर्ध्या इंचीचे रबरवाले क्लॅम्प द्या' असं म्हणू नकोस. अर्धा इंची सीपीव्हीसीचा बाहेरचा व्यास असतो १५.९ मिलिमीटर, अर्धा इंची जीआयचा २१.३. नाव एक, माप वेगळं. पाऊण इंचीत हेच आकडे २२.२ आणि २६.९ होतात. म्हणजे अर्ध्या इंची जीआयला बसणारा २०-२३ चा क्लॅम्प पाऊण इंची सीपीव्हीसीला चालतो, आणि अर्ध्या इंची सीपीव्हीसीवर मात्र खुळखुळतो. मग पोरं काय करतात, तर आत सायकलच्या ट्यूबचा तुकडा कोंबतात. तो वर्षभरात सरकतो, उन्हात असेल तर चिरतो. खिशात कॅलिपर ठेव. नसेल तर पाइपाभोवती दोरा गुंडाळून त्याची लांबी ३.१४ नं भाग, तेवढं गणित तुला येतं. सांडपाण्याच्या ७५ आणि ११० च्या पाइपांचं बरं असतं, तिथे सांगितलेला आकडा हाच बाहेरचा व्यास. एसीच्या तांब्याच्या पाइपावर इन्सुलेशन असेल तर माप इन्सुलेशनच्या वरून घ्यायचं. ते चेपलं गेलं की नेमक्या त्याच जागी घाम येऊन भिंत ओली होते, आणि गिऱ्हाईक गळती शोधायला तुलाच बोलावतं.

आता रबर. चांगल्या क्लॅम्पमध्ये ईपीडीएमचं असतं. ऊन, पाऊस, गरम पाणी हे सगळं ते सोसतं. तेल मात्र त्याला सोसत नाही. जनरेटरच्या डिझेल लाइनवर ते फुगून मऊ पडतं, तिथे नायट्राइल रबर माग. क्लॅम्प हातात घेऊन रबर बोटानं चोळ. बोट काळं झालं, टायर जळाल्यासारखा वास आला, की तो परत कर. पट्टी पत्र्याच्या कडांना धरून बसलेली हवी, नखानं ओढली की सुटून येणारी नको. सीपीव्हीसीच्या बाबतीत तर अधिकच जप. हलकं रबर मऊ राहावं म्हणून त्यात जी तेलं घालतात ती पाझरून सीपीव्हीसीत उतरतात, आणि काही काळानं क्लॅम्पच्या खालीच केसाएवढ्या चिरा पडतात. वरून काहीच दिसत नाही. पाइप बदलणारा पाइपाला शिव्या देतो, आणि तोच क्लॅम्प पुसून परत लावतो!

पत्र्याचंही बघ. घरात झिंक चढवलेला चालतो. रत्नागिरी-मालवणकडे, समुद्राच्या वाऱ्यात, तो फार टिकत नाही, तिथे स्टेनलेसचा घे आणि स्क्रूही स्टेनलेसचेच घे. क्लॅम्प स्टेनलेस आणि स्क्रू साधे, असलं काम मी कितीतरी बंगल्यांवर पाहिलंय. क्लॅम्प चकचकीत, स्क्रूची माती. तांब्याच्या पाइपाला उघडं लोखंड टेकवायचं नाही, हे तुला शिकवलंच असेल. दोन धातूंमध्ये ओल आली की लोखंड खाल्लं जातं. रबर तिथे मध्ये उभं असतं, म्हणून पट्टी पूर्ण वेढा घालते ना, तेवढं पाहा.

भोक पाडताना भिंत ओळख. गिलावा अर्धा-पाऊण इंच जाड असतो, त्यात गिट्टी अडकवून भागत नाही, ती विटेत जायला हवी. सिपोरेक्सच्या ब्लॉकला साधी गिट्टी नकोच, त्यासाठी वेगळ्या मिळतात. मशीन हॅमरवर लावलंस तर भोक मोठं होऊन सगळं हलतं. जांभ्या चिऱ्यातही सांभाळून, दगड भुसभुशीत निघाला तर चार बोटं बाजूला सरक. आणि भोक पाडल्यावर आतली भुकटी फुंकून काढ. हे सांगायला लागू नये, पण दहातले नऊ जण काढत नाहीत. भुकटीवर बसलेली गिट्टी आज घट्ट वाटते आणि पाइप पाण्यानं भरला की हळूहळू बाहेर येते.

पाइप आणि भिंत यांच्यात बोटभर तरी फट ठेव. क्लॅम्पच्या मागे नट असतो आणि त्यात आटेवाला रॉड जातो, तो याचसाठी. रंगाऱ्याचा ब्रश मागे फिरला पाहिजे. बाहेरच्या भिंतीवर तर ही फट फारच लागते. मुंबईच्या जुन्या चाळींत पाइपामागे माती-ओल साचून पिंपळ उगवलेला तू पाहिला असशील. पुढे त्याची मुळं पाइपही सोडत नाहीत आणि भिंतही.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. क्लॅम्प पाइप धरतो हे सगळ्यांना माहीत असतं. पाइप हलतो, हे कुणी लक्षात घेत नाही. दहा मीटर सीपीव्हीसीत सोलरचं पाणी २० वरून ६५ अंशांवर गेलं की पाइप साधारण २८ मिलिमीटरनं लांबतो, म्हणजे एका इंचाहून जास्त. तेवढंच तांबं ७-८ मिलिमीटर लांबेल, लोखंड ५-६. गच्चीवर तर पाणी गरम असायचीही गरज नाही. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे पारा ४५ च्या वर जातो. पहाटेचा गार पाइप दुपारी उन्हात ३० अंशांनी तापला, तर दहा मीटर यूपीव्हीसी वीसेक मिलिमीटर वाढतो. संध्याकाळी परत आखडतो. असं रोज. तू दोन्ही टोकं आणि मधलं सगळं आवळून ठेवलंस, तर तो वाढणार कुठे? मध्ये कमान टाकतो, नाहीतर एल्बोचा सांधा उकलतो.

पोरांना वाटतं, रबर आहे म्हणजे पाइप सरकेल. उलट आहे. आवळलेलं रबर पत्र्यापेक्षा जास्त पकडतं. रबर फार तर दोन-चार मिलिमीटर दाबलं जाईल, त्यापुढे पाइप जागचा हलत नाही. म्हणून लांब सरळ लाइनीत एकच क्लॅम्प पक्का कर, शक्यतो मधला. त्यामुळे वाढ दोन्ही बाजूंना वाटली जाते. बाकीचे असे ठेव की पाइप हातानं ढकलला तर थोडा अडखळत का होईना, सरकला पाहिजे. एल्बोच्या बगलेत क्लॅम्प मारू नकोस. निदान हातभर जागा सोड म्हणजे वळणाचा पाय वाकायला मोकळा राहतो. वाढ तिथेच जिरते.

पक्का क्लॅम्पही मशीननं आवळायचा नाही. दोन्ही स्क्रू हातानं, आलटूनपालटून. दोन्ही बाजूंच्या फटी सारख्या दिसल्या पाहिजेत. रबर पाइपाला सगळीकडून टेकलं की अर्धा फेरा आणखी, बस्स. रबर बाहेर फुगलं म्हणजे जास्त झालं. तसं झालं की रबराचा मऊपणा संपला, आणि पंपाची घरघर सरळ भिंतीत उतरते.

घरघरीवरून आठवलं. प्रेशर पंपाचा आवाज बेडरूममध्ये येतो म्हणून माणसं तुला रबरी क्लॅम्प लावायला बोलावतील. लगेच ड्रिल काढू नकोस. आधी पंपाखाली रबरी पॅड आहे का, पंपाच्या तोंडाशी लवचीक जोड आहे का, ते पाहा. मग पाइप कोणत्या भिंतीवर आहे ते बघ. चार इंची भिंत ढोलकीसारखी वाजते, म्हणून लाइन नऊ इंचीवर किंवा आरसीसीच्या कॉलमवर घे. सगळं करूनही आवाज राहिला तर पाइप भिंतीतून आरपार जातो ती जागा तपास. गवंड्यानं तिथे सिमेंट भरून पाइप जाम केलेला असतो. एका जागी सिमेंट लागलं की वीस क्लॅम्पचं रबर फुकट. तिथे मोठ्या पाइपाचा तुकडा बाही म्हणून घालून मधली फट मऊ भरावानं बुजवायची. कधीकधी पाइपामागे गिलाव्याचा एक गोळा अडकलेला सापडतो, तो काढला की पाच मिनिटांत काम संपतं. पैसे मात्र पूर्ण व्हिजिटचे घे.

अंतराबद्दल थोडक्यात. सीपीव्हीसी एक इंचापर्यंत आडवा असेल तर तीन फुटांवर क्लॅम्प, गरम लाइनीला त्याहून जवळच बरा. जीआय ताठ असतो, त्याला सहा फूट चालतात. उभ्या लाइनीला प्रत्येक मजल्यावर आधार हवाच. व्हॉल्व्ह आणि मीटरला स्वतःचा आधार दे, त्यांचं वजन पाइपावर टाकू नकोस. क्लॅम्प मारण्याआधी लाइनदोरी धर. उभ्याला ओळंबा सोड. एक क्लॅम्प दोन मिलिमीटर पुढे आला की पाइप त्याच्यावर कायमचा तणावात राहतो, डोळ्याला दिसो न दिसो.

कोटेशनमध्ये क्लॅम्प 'फिटिंग'च्या बेरजेत दडपू नकोस. नग, माप आणि कोणतं रबर, असं वेगळ्या ओळीत लिही. गिऱ्हाईक तिथेच घासाघीस करणार, 'साधे लावा की हो' म्हणणार. थंड पाण्याची आखूड लाइन किचनच्या ओट्याखाली असेल तर खुशाल साधे लाव, तिथे मी पण लावतो. सोलर, पंप आणि तांबं या तिन्हींवर मात्र ऐकू नकोस. नाहीच मानलं तर काम सोड. उरलेले दोन-तीन क्लॅम्प त्यांच्याकडेच ठेवून ये, पुढच्या दुरुस्तीला जो जाईल त्याला मापाचा शोध घेत बोहरी आळी पालथी घालावी लागणार नाही.