सेन्सर बदलण्याआधी

चि. बाळू यास मामाचे अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालास, गिऱ्हाइकाच्या गाडीत स्कॅनरला पी ०११८ कोड आला, कूलंट टेम्परेचरचा सेन्सर बदलला, तरी चेक लाइट जळतेच आहे. अरे, त्या कोडचा अर्थ एवढाच की त्या सर्किटमध्ये व्होल्टेज जास्त आहे. सेन्सर मेला, असं स्कॅनर कुठं म्हणाला?

या सेन्सरचा रेझिस्टन्स गार असताना साधारण दोन-अडीच हजार ओहम. इंजिन तापलं की दोन-तीनशेवर येतो. ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कंप्युटर, त्याला ५ व्होल्ट धाडतो आणि त्यातले किती खाली ओढले गेले, त्यावरून तापमान ठरवतो. वायर तुटली की ५ चे ५ तसेच राहतात. मग लाइव्ह डेटात उणे ४० अंश दिसतात. भर मे महिन्यात, सांगलीत!

असा आकडा दिसला की इग्निशन बंद करून सेन्सरचा कपलर काढ. गाडीकडून येणाऱ्या कपलरच्या दोन पिना वायरीच्या तुकड्यानं जोड, इग्निशन चालू कर आणि स्कॅनर बघ. आकडा शंभराच्या पार उडाला तर वायरिंग आणि ईसीयू ठीक, दोष सेन्सरचा. उणे ४० वरच अडला तर वायर चाचपत जा. पावसाळ्यात गाडी आठ दिवस उभी असेल तर आधी उंदरानं कुरतडलेलं शोध. हा उद्योग दोन पिनांच्या सेन्सरवरच हं. थ्रॉटलच्या सेन्सरच्या तीन पिनांत केलास तर ५ व्होल्टची लाइनच शॉर्ट होईल.

मीही शहाणा नव्हतो. पी ०१७१, म्हणजे मिश्रणात हवा जास्त असल्याचा कोड, आला म्हणून एका गाडीचा महागडा ऑक्सिजन सेन्सर बदलला होता. फाटला होता व्हॅक्यूम पाइप. जास्तीची हवा आत शिरत होती आणि बिचारा सेन्सर तेच खरं सांगत होता. पाइप किरकोळ पैशांचा. सेन्सरचे पैसे माझ्या खिशातून गेले, आणि तुझ्या मामीला ते अजून कळलेलं नाही.

तुझा जुना सेन्सर भंगारात टाकला नसशील तर एखाद्या निकामी पातेल्यात पाणी उकळ, त्यात त्याचं टोक बुडव आणि मल्टीमीटर लाव. आकडा दोनशेच्या आसपास उतरला तर तो धडधाकट होता. मग त्या गिऱ्हाइकाला परत बोलाव, वायर दुरुस्त करून दे आणि सेन्सरचे पैसे घेऊ नकोस.

तुझा,
मामा