डॉक्टर झाला, तरी ‘ट्रेनी’ कसा?

प्रश्न : माझा भाचा एमबीबीएस झाला आणि आता कोलकात्याला एमडी करतोय. दिवसा फोन केला तर ‘ड्युटीवर आहे’, रात्री केला तरी ‘ड्युटीवर आहे’. इतकं काम करणाऱ्याला तिथे ‘पीजी ट्रेनी’ म्हणतात! मग तो डॉक्टर की विद्यार्थी? आणि कोलकात्यात ‘पी. जी. हॉस्पिटल’ आहे म्हणे. पीजीची सगळी मुलं तिथेच शिकतात का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : तुमच्या शेवटच्या प्रश्नातला गुंता गमतीचा आहे, म्हणून तो आधी सोडवू. ‘पी. जी. हॉस्पिटल’ म्हणजे आजचं एसएसकेएम रुग्णालय. यातलं ‘पी. जी.’ पोस्ट ग्रॅज्युएटचं नव्हे, तर ‘प्रेसिडेन्सी जनरल’ या जुन्या इंग्रजी अमदानीतल्या नावाचं. रोनाल्ड रॉस यांनी 1898 मध्ये डास आणि मलेरिया यांच्या नात्यावरचं संशोधन तिथेच केलं. पुढे 1957 मध्ये त्याच आवारात पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षणाची संस्था सुरू झाली आणि जुनी आद्याक्षरं नव्या अर्थालाही चपखल बसली! मात्र एमडी-एमएसचे विद्यार्थी शहरातल्या इतर वैद्यकीय महाविद्यालयांतही असतात. त्यातलं 1835 सालचं कलकत्ता मेडिकल कॉलेज तर मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजपेक्षा दहा वर्षांनी थोरलं.

नागपूरचा मुलगा तिकडे पोचला कसा, हेही सांगतो. नीट-पीजी ही परीक्षा देशभर एकच असते आणि सरकारी महाविद्यालयांतल्या निम्म्या जागा अखिल भारतीय कोट्यातून भरतात. गुण, हवा असलेला विषय आणि रिकामी जागा यांचा मेळ जिथे बसेल, तिथलं तिकीट काढायचं.

आता मुख्य शंका. तुमचा भाचा पुरता डॉक्टर आहे. साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम आणि वर्षभराची इंटर्नशिप संपवून त्याची नोंदणी झाली, त्याच दिवशी त्याला रुग्ण तपासण्याचा आणि औषध लिहून देण्याचा हक्क मिळाला. ‘ट्रेनी’ आहे तो विशेषज्ञ होण्यापुरता. त्यामुळे ‘शिकाऊ डॉक्टरांच्या हाती पेशंट सोपवतात’ ही तक्रार अर्धवट समजुतीतून येते.

हे शिक्षण वर्गात बसून होत नाही. ताप शंभर कारणांनी येतो. त्यातला कुठला थांबू शकतो आणि कुठला थांबणार नाही, हे वॉर्डात शंभर तापकरी पाहिल्यावरच कळतं. म्हणून तीन वर्षं ओपीडी, वॉर्ड, तातडीचा विभाग अशी फिरती चालते. सकाळी राउंडला वरिष्ठांपुढे केस मांडायची, ते चुका काढतील त्या ऐकायच्या, दुरुस्त करायच्या. जोडीला लॉगबुक, प्रबंध आणि तीन महिने जिल्हा रुग्णालयातलं काम. पहिल्या वर्षाचा तिसऱ्या वर्षाच्याला विचारतो, तिसऱ्या वर्षाचा प्राध्यापकांना. शिकणं आणि रुग्णसेवा एकाच कामात गुंफलेली असल्यामुळे यातलं एक थांबवून दुसरं चालू ठेवता येत नाही.

म्हणून तो एका हाताने फी भरतो आणि दुसऱ्या हाताने विद्यावेतन घेतो. त्याला पगार म्हणत नाहीत, पण रुग्णालयाची रात्र असते ती त्याच्याच भरवशावर.

हुद्द्यांची नावं मात्र जपून वापरा. आपल्याकडे ‘निवासी डॉक्टर’ म्हणतात, म्हणून त्यांच्या संघटनेचं नाव ‘मार्ड’, त्यातला ‘आर’ रेसिडेंटचा. बंगालमध्ये ‘पीजीटी’ किंवा नुसतं ‘ज्युनिअर डॉक्टर’. आपल्या खासगी रुग्णालयात रात्री भेटतो तो ‘आरएमओ’. तिकडच्या सरकारी महाविद्यालयात मात्र आरएमओ हे अध्यापकाचं पद असतं. भाच्याला चुकून आरएमओ म्हणालात, तर बिचाऱ्याला फुकटची बढती मिळेल.

‘निवासी’ हा शब्द कुठून आला, तेही पाहण्यासारखं आहे. अमेरिकेत बाल्टिमोरचं जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय 1889 मध्ये उघडलं. तिथे ऑस्लर आणि हॉल्स्टेड या ज्येष्ठ डॉक्टरांनी तरुण डॉक्टरांना रुग्णालयातच राहायला लावून शिकवण्याची पद्धत रुजवली. राहणारा तो रेसिडेंट. काम तिथेच, तर बिछानाही तिथेच, असा सरळ हिशोब.

आपल्याकडे कामाचा भाग चोख उतरला, बिछान्याचा राहून गेला. केंद्र सरकारने 1992 मध्येच सलग ड्युटी बारा तासांपेक्षा आणि आठवडा साधारण 48 तासांपेक्षा जास्त नसावा, असं कळवलं होतं. पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षणाच्या 2023 च्या नियमांत मात्र आकडा नाही. ‘वाजवी’ तास, पुरेशी विश्रांती आणि साप्ताहिक सुट्टी एवढंच आहे, आणि सुट्टीलाही ‘कामाची निकड नसेल तर’ अशी अट. सरकारी रुग्णालयात निकड नसते कधी? रुग्ण वाढत जातात, हात तेवढेच राहतात आणि वाजवीची व्याख्या ड्युटीचा तक्ता ठरवतो. कामाच्या वेळी तो डॉक्टर असतो. तासांचा हिशोब मागायला गेला की विद्यार्थी होतो.

याची सर्वांत भीषण बाजू देशाने कोलकात्यातच पाहिली. 9 ऑगस्ट 2024 रोजी आर. जी. कर महाविद्यालयात रात्रपाळीवरच्या एका पीजी ट्रेनी तरुणीवर बलात्कार करून तिची हत्या करण्यात आली. ती विसाव्यासाठी सेमिनार हॉलमध्ये गेली होती. ज्युनिअर डॉक्टर रस्त्यावर उतरले. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन 20 ऑगस्टला राष्ट्रीय कृती दल नेमलं आणि डॉक्टरांना पुरेशा विश्रांतिगृहांचा अभाव असल्याचंही नमूद केलं. ज्याला ‘निवासी’ म्हणायचं, त्यालाच निवारा नव्हता.

तेव्हा भाचा दोन्ही आहे, डॉक्टरही आणि विद्यार्थीही. पुढच्या वेळी त्याचा फोन लागला, तर ‘जेवलास का?’ या प्रश्नापाठोपाठ आणखी एक विचारा : रात्रपाळीत पाठ टेकायला आतून कडी असलेली खोली आहे का?