‘तंबाखू खाता का?’ ‘नाही.’

माझा गरोदरपणातला केसपेपर मी अजून टाकलेला नाही. त्यावर ‘व्यसन’ या छापील शब्दापुढं निळ्या शाईनं ‘नाही’ लिहिलंय. ते मीच सांगितलं होतं. दवाखान्यातल्या मॅडमनी मान वर न करता विचारलं, ‘तंबाखू खाता का?’ मी म्हटलं, ‘नाही.’ पुढं घरादारानं मला खोटारडी ठरवलं, म्हणून हे आधीच सांगून टाकते. मी खोटं बोलले नव्हते. तंबाखू आमचे सासरे खायचे, तळहातावर चुना मळून. मी मिसरी लावत होते. आमच्याकडं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. मिसरीला कुणी व्यसन म्हणत नाही, ते दात घासणं असतं.

लग्नाआधी मी मिसरीला शिवलेही नव्हते. दिवस गेले आणि तिसऱ्या महिन्यात उलट्यांनी बेजार झाले तेव्हा आत्यांनीच, म्हणजे सासूबाईंनीच, डबी पुढं केली. ‘बोटभर लाव, मळमळ बसती.’ खरंच बसली. आधी सकाळी एकदा, मग जेवल्यावर, मग शिलाई मशीनवर बसायच्या आधी. सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेला गेलो तेव्हा पाचवा महिना चालू होता आणि पर्समध्ये माझी स्वतःची डबी होती.

त्यानंतर गणवेशांचा सीझन लागला. सोलापुरात राहणाऱ्यांना तो वेगळा सांगायला नको. जूनच्या आत शाळांचा माल जायचा असतो, रात्री बारापर्यंत मशीन चालते. चार-पाच दिवसांनी नळ यायचा, त्या दिवशी जिन्यावरून घागरी मीच चढवायचे. ‘काम केलं की बाळंतपण सुटसुटीत होतं,’ असं आत्यांचं म्हणणं. रात्री दुसरी भाकरी घेतली तर, ‘पोटात जागा ठेव, बाळ मोठं झालं तर तुलाच जड जाईल.’ वेगळ्या घरात वाढलेल्या, शिकलेल्या बायकाही हे म्हणतात, मी ऐकलंय.

दवाखान्यात दर महिन्याला काटा व्हायचा, आकडा लिहायचे, रक्तवाढीच्या लाल गोळ्या द्यायचे, ‘पुढच्या महिन्यात या.’ आठ महिन्यांत माझं वजन पाच किलो वाढलं. साधारण दहा-बारा वाढायला हवं असतं. हिमोग्लोबिन साडेआठ होतं, अकराच्या खाली गेलं की गरोदर बाईला रक्तक्षय धरतात. हे दोन्ही आकडे त्याच कागदावर, त्यांच्याच अक्षरात आहेत. कुणाच्या कपाळाला आठी पडली नाही.

मेच्या पहिल्या आठवड्यात, तारखेच्या तीन आठवडे आधी, मुलगी झाली. 1 किलो 850 ग्रॅम. अडीच किलोच्या खाली म्हणजे कमी वजनाचं बाळ, एवढं मला ठाऊक होतं. तिला काचेच्या पेटीत ठेवायला दुसऱ्या दवाखान्यात हलवावं लागलं. आत्या बाहेरच्या बाकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होत्या, ‘हिच्या माहेरचीच हाडं बारीक.’

तिसऱ्या दिवशी मी दूध काढून वाटी आत द्यायला गेले. सिस्टरनी वाटी घेता घेता माझा हात धरला आणि उजव्या तर्जनीकडं बघितलं. मग म्हणाल्या, ‘तोंड उघडा बघू.’ मला वाटलं, ताप बघायचाय. ‘मिसरी लावता ओ?’ मी हो म्हटलं, अगदी सहज. ‘दिवसातून किती वेळा?’ मी बोटं मोजली. पाच. त्यांनी आवाज चढवला नाही, ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. एवढंच म्हणाल्या, ‘मिसरी कशाची करतात, माहीत आहे ना?’

माहीत कसं नाही? दर पंधरा दिवसांनी आमच्याच गॅसवर, आमच्याच तव्यावर तंबाखू भाजली जायची, ठसका लागून मी खिडकी उघडायचे. पूड मीच कुटायचे. आणि तरीही, त्या क्षणापर्यंत, माझ्या डोक्यात हे दोन शब्द एकमेकांना कधी भेटलेच नव्हते. वाटी त्यांच्या हातात होती आणि त्या दुधातही निकोटीन उतरतं, हे त्यांनी पुढच्या वाक्यात सांगितलं.

माझा मावसभाऊ फार्मसीला आहे. त्याच्याकडून मी नंतर सगळं खोदून काढलं, कारण मला भांडायला कागद हवा होता. तो मुंबईतच सापडला. प्रकाश गुप्ता आणि श्रीविद्या यांनी मुंबईतल्या 1,217 गरोदर बायकांचा अभ्यास करून 2004 मध्ये छापलाय, तोही न ओढायच्या तंबाखूवर, म्हणजे आपल्या मिसरी-गुटख्यावरच. अशी तंबाखू वापरणाऱ्या बायकांची बाळं सरासरी 105 ग्रॅमनी हलकी आणि सहा दिवस आधी झाली. त्याच पाहणीतून 2006 मध्ये पोटातच मूल दगावण्याचा धोकाही वाढलेला दिसला. कारण समजायला सोपं आहे. हिरड्यांतून निकोटीन रक्तात जातं, रक्तवाहिन्या आकसतात, वारेतून बाळाकडं जाणारं रक्त कमी पडतं. धूर निघाला नाही म्हणून ते सुटत नाही.

105 ग्रॅम म्हणजे माझ्या मुलीचं सगळं उणं वजन नव्हे, हे मलाही कळतं. रक्त कमी होतं, घागरी होत्या, दुसरी भाकरी नव्हती. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी 1993 पासून सहा गावांतल्या गरोदर बायकांवर जे काम केलं, त्यातही हेच निघालं. ज्या बायका पालेभाज्या, फळं, दूध जास्त घेत होत्या त्यांची बाळं अंगानं बरी, आणि पाणी भरणं, धुणं, शेतातलं कष्टाचं काम ज्यांच्या वाट्याला जास्त त्यांची बाळं लहान. घरी मी हे वाचून दाखवलं. आत्या म्हणाल्या, ‘मी पाच बाळंतपणं मिसरी लावूनच केली.’ त्या पाचातली दोन गेली, ते त्या कधी मोजत नाहीत. मी त्या दिवशी मोजलं, मोठ्यानं. त्यानंतर महिनाभर घरात कुणी कुणाशी बोललं नाही. त्याची खंत वाटते, पण पूर्ण नाही.

आता ज्यांना दिवस गेलेत त्यांच्यासाठी. विचारलं नाही तरी सांगा. मिसरी, तपकीर, मावा, गुडाखू, जे असेल ते नाव घेऊन सांगा आणि कागदावर लिहून घ्या. लाल गोळी चहाबरोबर घेऊ नका, लिंबूपाण्याबरोबर घ्या. कॅल्शियमची गोळी तिच्यासोबत नको, दोन्हींत काही तासांचं अंतर ठेवा. मी दोन्ही एकदम चहाच्या घोटाबरोबर ढकलत होते, मग रक्त कुठून वाढणार? सहाव्या महिन्यानंतर पोटाला टेप लावून मापायला सांगा. ओटीपोटाच्या हाडापासून गर्भाशयाच्या वरच्या टोकापर्यंत जेवढे आठवडे तेवढेच साधारण सेंटिमीटर भरायला हवेत. तीन-चारनी कमी भरले तर सोनोग्राफीत बाळाची वाढ बघायला लावा, लाजू नका. टेप स्वस्तात मिळते, शिलाईवालीच्या घरात तर डझनभर पडलेल्या असतात. माझ्या पोटाला एकदाही लागली नाही. बाळाची हालचाल मंदावली तर सकाळची वाट बघायची नाही. वेळेवर जेवा, दुपारी आडवं व्हा, मन शांत ठेवा वगैरे सगळे सांगतातच. मन शांत कसं ठेवायचं, ते कुणी सांगत नाही.

सोडायचं म्हणाल तर पहिले चार दिवस डोकं ठणकतं आणि पोट साफ होत नाही, म्हणून बायका पुन्हा डबी उघडतात. कोमट पाणी, तोंडात भाजलेली बडीशेप, आणि पाचवा दिवस येऊ द्यायचा. नुसती डबी लपवून भागत नाही. घरात भाजण्याचा वास आला की तलफ येतेच, तेव्हा तवाच बंद झाला पाहिजे. गुटख्यावर 2012 साली राज्यात बंदी आली, आमच्या तव्यावर मात्र मलाच आणावी लागली. 1800-11-2356 हा तंबाखू सोडण्यासाठीचा सरकारी फुकट नंबर आहे, पण तिथं फोन करायला एकटं बसायला जागा लागते, ती आमच्या घरात नाही.

मुलगी सोळा दिवसांनी घरी आली. छातीशी उघड्या अंगानं बांधून तिला मी मेच्या त्या उकाड्यात तासन्‌तास घेऊन बसायचे, सिस्टरनी शिकवलं होतं तसं. ती आता तीन वर्षांची आहे, अंगानं बारीकच, तोंडानं तिखट.

गेल्या महिन्यात धाकट्या जावेला गरोदरपणाच्या नऊ तारखेच्या तपासणीला मी घेऊन गेले. टेबलामागच्या बाईंनी मान वर न करता विचारलं, ‘तंबाखू खाता का?’ ती म्हणाली, ‘नाही.’ मी मागून म्हटलं, ‘मिसरी लावते. दिवसाला तीनदा.’ बाईंनी पहिल्यांदा वर बघितलं. रिक्षात जाऊबाई माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत, आणि घरी गेल्यावर त्यांनी आत्यांना काय सांगितलं असेल, ते संध्याकाळच्या भाकरीवरून कळलं.