खण किती लागतील?

टपाल कचेरीत पत्रं दोन रीतींनी वेगळी करता येतात. गावागणिक खण ठेवून येईल ते पत्र त्यात टाकायचं. किंवा सगळा ढीग आधी गावाच्या नावाप्रमाणे लावायचा आणि गाव बदललं की नवा गठ्ठा बांधायचा. पोस्टग्रेस या डेटाबेसकडे ‘ग्रुप बाय’ लावून बेरीज मागितली की त्याचा प्लॅनर यातलीच एक रीत निवडतो. खणांची ती हॅश अ‍ॅग्रिगेट, गठ्ठ्यांची ती ग्रुप अ‍ॅग्रिगेट. खणांची रीत बहुधा जलद, पण ते मावायला मेमरी हवी. आणि खण किती लागतील, हे काम सुरू होण्याआधीच ताडावं लागतं.

माझी फसगत इथेच झाली.

ग्राहकनिहाय बेरीज करणारी साधी क्वेरी, पोस्टग्रेस १२ वर रोज रात्री चालायची. एके रात्री मेमरी संपली म्हणून लिनक्सने ती प्रोसेस मारली आणि सगळ्यांचीच कनेक्शनं तुटली. एक प्रोसेस अशी मेली की पोस्टग्रेस बाकीच्याही बंद करून डेटा सावरायला घेतो. मी काय केलं, तर ‘वर्क मेम’ ही मेमरीची मर्यादा ४ एमबीवरून वाढवून ठेवली. प्लॅनर हॅशकडे आणखीच झुकला! शिवाय ही मर्यादा सर्व्हरभर मिळून नसते; प्रत्येक सॉर्टला, प्रत्येक हॅशला ती वेगळी मिळते.

खोट अंदाजात होती. अ‍ॅनलाइझ ही आज्ञा प्लॅनरच्या आकडेवारीसाठी एरवी ३०,००० ओळींचा नमुना घेते. एका ग्राहकाच्या ओळी टेबलात शेजारीशेजारी असल्या की नमुन्यात तेच ग्राहक पुन्हा पुन्हा येतात आणि ग्राहक मोजकेच आहेत असं प्लॅनरला वाटतं. माझ्याकडे अंदाज हजारांत, ग्राहक लाखांत. १२ पर्यंतच्या आवृत्त्यांत हॅश सुरू झालं की मर्यादा ओलांडूनही फुगत राही. २०२० मध्ये आलेल्या १३ पासून जास्तीचा भार डिस्कवर जातो. क्वेरी मरत नाही, रेंगाळते.

म्हणून आधी नुसतं एक्स्प्लेन चालवावं, अ‍ॅग्रिगेटच्या ओळीवरचा आकडा पाहावा आणि खरे वेगळे ग्राहक एकदा मोजून ताळा घ्यावा. तफावत मोठी असेल, तर त्या कॉलमचा ‘एन डिस्टिंक्ट’, म्हणजे वेगळ्या मूल्यांचा आकडा, हाताने ठरवून देता येतो.

उलटी चूकही होते. कर्जत रायगडात आहे तसं अहिल्यानगरातही, त्यामुळे तालुकानिहाय बेरजेत जिल्हा घ्यावाच लागतो. प्लॅनर मात्र ३६ जिल्हे आणि साडेतीनशेच्या आसपास तालुक्यांची नावं यांचा गुणाकार करून बारा हजारांवर गट धरतो. खरे तालुके ३५८. आवृत्ती १० पासून ‘क्रिएट स्टॅटिस्टिक्स’ने दोन कॉलमांचं हे नातं त्याला सांगता येतं. त्यानंतर अ‍ॅनलाइझ चालवावं लागतं. मी ते विसरलो होतो आणि दोन दिवस त्या आज्ञेलाच दोष देत बसलो.